कॅनाबिसचा हेम्प कसा झाला?

इंग्रजीत एकाच झाडाला दोन नावं आहेत. दोरखंड, पोती, जाडंभरडं कापड असा विषय असेल तर ते झाड ‘हेम्प’ असतं. पोलीस, न्यायालय किंवा औषधं यांचा विषय निघाला की तेच ‘कॅनाबिस’ होतं. आपल्याकडे ते भांगेचं झाड. ही दोन इंग्रजी नावं शेजारी ठेवली तर त्यांचं एकमेकांशी काही नातं असेल अशी शंकाही येत नाही. एकाची सुरुवात ह ने, दुसऱ्याची क ने. एकात प, दुसऱ्यात ब. एक तोंडातून एका दमात निघून जातं, दुसऱ्याला तीन ठोके लागतात. तरीही भाषेचे अभ्यासक सांगतात की हा मुळात एकच शब्द आहे, आणि ते कसं हे दाखवूनही देतात.

मराठी वाचकाला हे समजणं खरं तर सोपं जावं, कारण शाळेच्या व्याकरणात आपण तत्सम आणि तद्भव शिकलेलो असतो. ‘अग्नी’ आणि ‘आग’, ‘हस्त’ आणि ‘हात’, ‘कर्म’ आणि ‘काम’. जोडीतला एक शब्द पोथीतून जसाच्या तसा उचललेला, दुसरा पिढ्यान् पिढ्या लोकांच्या तोंडी राहून बदललेला. इंग्रजीत कॅनाबिस हा तत्समाच्या जातीचा आहे. लॅटिन पुस्तकांतला हा शब्द स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसने १७५३ साली झाडाच्या शास्त्रीय नावात कायम केला आणि विद्वानांच्या लिखाणातून तो पुढे गेला. हेम्प हा तद्भवाच्या जातीचा. फक्त एक फरक लक्षात ठेवायचा: हेम्प हा जर्मानिक भाषांचा घरचा शब्द नाही, तोही बाहेरूनच आला. पण इतक्या आधी आला की घरच्या शब्दांवर जे काही ओढवलं, ते सगळं त्याच्यावरही ओढवलं.

जर्मानिक म्हणजे फक्त जर्मन नव्हे. इंग्रजी, डच, जर्मन, डॅनिश, स्वीडिश, आइसलँडिक आणि केव्हाच लोप पावलेली गॉथिक हे सगळं एक कुळ आहे. या कुळात भांगेच्या झाडाची नावं अशी: जुन्या इंग्रजीत ‘हॅनेप’, डचमध्ये ‘हेनेप’, जुन्या जर्मनमध्ये ‘हनफ’ आणि आजच्या जर्मनमध्ये ‘हान्फ’, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ‘हाम्प्र’, स्वीडिशमध्ये ‘हाम्पा’. ही रूपं एकमेकांशी ताडून अभ्यासक मागे जातात आणि या सगळ्यांच्या आजीचं रूप ठरवतात: ‘हनापिझ’. असं रूप छापताना त्याच्या डोक्यावर एक तारा काढायची पद्धत आहे. हे कुठल्या शिलालेखात सापडलेलं नाही, आम्ही मागे हिशेब करून काढलं आहे, असा त्या ताऱ्याचा अर्थ. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आपल्याकडे व्युत्पत्ती सांगणाऱ्या कितीतरी लेखांत तो तारा कपाळभर काढायला हवा.

आता ‘हनापिझ’ आणि ग्रीक ‘कान्नाबिस’ समोरासमोर ठेवा. क च्या जागी ह, ब च्या जागी प, मधला न तसाच. हा योगायोग का नाही, हे समजायला एक नियम माहीत हवा. तो ग्रिमच्या नावाने ओळखला जातो. याकोब ग्रिम, म्हणजे भावासोबत परीकथा गोळा करणारा तोच ग्रिम. १८२२ साली आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने हा नियम पद्धतशीर मांडला. त्याच्या चार वर्षं आधी रास्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने त्यातलं बरंचसं दाखवून दिलं होतं, पण नाव चिकटलं ते ग्रिमचं.

नियमाचं सार असं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक भाषा ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या, तिच्यातले स्पर्शव्यंजनांचे ध्वनी जर्मानिक शाखेत ओळीने सरकले. प चा फ झाला: संस्कृत पितृ, इंग्रजी फादर, आपला पाद, त्यांचा फूट. त चा थ झाला: त्रि आणि थ्री. द चा ट झाला: दंत आणि टूथ, दश आणि टेन, द्वि आणि टू. ग चा क झाला: गो आणि काऊ. भ चा ब झाला: भ्रातृ आणि ब्रदर. ध चा द झाला: आपला मधु आणि मधापासून बनणारं त्यांचं मद्य, मीड. क चा ह झाला, याचं उदाहरण दवाखान्यात रोज ऐकू येतं. ‘कार्डिॲक’ मधलं ग्रीक ‘कार्दिआ’ आणि इंग्रजी ‘हार्ट’ हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. संस्कृतात या क ची काही ठिकाणी श अशी वेगळी वाट झाली, म्हणून आपलं शत, लॅटिनचं ‘केंटुम’ आणि इंग्रजीचं ‘हंड्रेड’ अशी तिहेरी जोडी दिसते.

यात महत्त्वाचं हे की बदल एकेका शब्दात झाला नाही, ध्वनीत झाला. त्या काळी त्या लोकांच्या तोंडी असलेल्या प्रत्येक शब्दातला तो ध्वनी सरकला, मग शब्द आजोबांकडून आलेला असो वा शेजाऱ्याकडून उसना घेतलेला. आणि बदल संपला की संपला. त्यानंतर जो शब्द बाहेरून आला, त्याला कोणी हात लावला नाही. त्यामुळे उसन्या शब्दाच्या अंगावर टपालाच्या शिक्क्यासारखी आगमनाची वेळ उमटते.

कान्नाबिसमध्ये क चा ह झाला आहे आणि ब चा प झाला आहे. म्हणजे हा शब्द सरकासरकीच्या आधी आत आलेला असला पाहिजे. ब चा प दाखवणारी उदाहरणं मुळात फार कमी आहेत, कारण त्या प्राचीन मूळ भाषेत ब हा ध्वनीच दुर्मीळ होता. म्हणून हेम्पला भाषाशास्त्रात त्याच्या वजनापेक्षा मोठा मान आहे. दुसरं एक उदाहरणही वनस्पतीचंच आहे. सफरचंदाला लिथुआनियनमध्ये ‘ओबुओलिस’, रशियनमध्ये ‘याब्लको’. आणि इंग्रजीत ॲपल.

हा शब्द आला कुठून? ग्रीकांकडून थेट आला असं बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. ग्रीकांनाही हे झाड परकंच होतं. इ.स.पूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या चौथ्या भागात त्याची ओळख करून दिली आहे, आणि ती वाचताना स्पष्ट कळतं की आपल्या वाचकाने हे झाड पाहिलेलं नाही असं तो धरून चालला आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेला शकांच्या, म्हणजे ग्रीक ज्यांना स्किथियन म्हणत त्यांच्या मुलखात हे झाड होतं, असं तो सांगतो. दिसायला जवसासारखं, पण जाड आणि उंच. आपोआपही उगवतं आणि पेरूनही घेतात. शेजारचे थ्रेसचे लोक त्याचं कापड विणतात, आणि ते इतकं छान की मुरलेला पारखी सोडून कोणाला ते जवसाच्या धाग्याचं की या झाडाच्या हे ओळखता येणार नाही. ज्याने हे कापड कधी पाहिलंच नाही, तो तर त्याला लिननच समजेल.

त्याच भागात तो शकांच्या एका रीतीचं वर्णन करतो. अंत्यविधीनंतर अंगशुद्धीसाठी ते काठ्यांवर लोकरीच्या नमद्याचा छोटा तंबू उभारत, आत तापून लाल झालेले दगड ठेवत आणि त्यांवर या झाडाच्या बिया टाकत. धूर असा उठे की आत बसलेले आनंदाने ओरडत. बराच काळ लोकांना ही हिरोडोटसची नेहमीची ऐकीव गोष्ट वाटत असे. मग १९४० च्या दशकात सोव्हिएत पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुदेन्को यांनी अल्ताई पर्वतात पाझिरिक इथली बर्फात गोठून राहिलेली थडगी उकरली. त्यांत तंबूच्या काठ्यांचा सांगाडा निघाला, ब्राँझचं भांडं निघालं, आणि भांड्यात दगडांसोबत जळक्या बिया. हिरोडोटसवर जे हसले, त्यांना उत्तर मिळालं.

तर झाड आणि त्याचं नाव गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार लोकांबरोबर पश्चिमेकडे सरकत होतं, असं चित्र उभं राहतं. ग्रीकांनी ते नाव दक्षिणेच्या टोकाला ऐकलं. आजच्या डेन्मार्क, दक्षिण स्वीडन, उत्तर जर्मनी या पट्ट्यात राहणाऱ्या जर्मानिक लोकांच्या पूर्वजांपर्यंत ते आपल्या वाटेने पोचलं. त्यांच्याकडे जवस आधीपासून होतं, आणि त्यासाठी घरचा शब्दही होता. इंग्रजीतला ‘फ्लॅक्स’ हा विणणे, गुंफणे या अर्थाच्या जुन्या धातूवरून आलेला मानतात. लॅटिनमध्ये त्याच धातूचं रूप प ने सुरू होतं, जर्मानिकमध्ये अर्थातच फ ने. जुन्या पिकाला घरचं नाव आणि नव्या पिकाला पाहुण्याचं, हे जगभर चालतं. आपली बटाटा, पेरूची मंडई आठवून पाहा.

पाहुणा सरकासरकीच्या आधी आला हे कळलं. पण सरकासरकी कधी झाली? याची तारीख कुठे कोरलेली नाही, पण तिला दोन्ही बाजूंनी कुंपण घालता येतं. अलीकडचं कुंपण रोमन लोकांनी पुरवलं. सीझर या नावाचा मूळ लॅटिन उच्चार ‘काएसार’. चौथ्या शतकात गॉथिकमध्ये बायबल उतरवलं गेलं तेव्हा त्यात ते ‘कैसर’ असं आलं, आणि जर्मनमध्ये सम्राटाला आजही कैसरच म्हणतात. क चा ह झालेला नाही. म्हणजे रोमनांशी गाठ पडेपर्यंत ती यंत्रणा बंद झाली होती.

याहून आपल्या जवळचं उदाहरण आहे पिंपळीचं. संस्कृत पिप्पली हे नाव व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेला गेलं. ग्रीकांनी त्याचं ‘पेपेरि’ केलं, लॅटिनमध्ये ते ‘पिपेर’ झालं आणि वाटेत काळ्या मिरीलाही तेच नाव लागलं. लॅटिनमधून ते जर्मानिक लोकांनी उचललं: जुन्या इंग्रजीत ‘पिपोर’, आज ‘पेपर’. दोन्ही प शाबूत. हाच शब्द हेम्पबरोबर आला असता तर इंग्रज आज मिरीला ‘फिफर’ म्हणत असते. मिरीची गोडी या मंडळींना किती लागली होती याची एक नोंद आहे. इ.स. ४०८ मध्ये गॉथ राजा अलारिकने रोमला वेढा घातला आणि वेढा उठवण्याची किंमत म्हणून ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, रेशमी अंगरखे वगैरेंबरोबर ३,००० पौंड मिरीही मागून घेतली.

पलीकडचं कुंपण अक्रोडाच्या नावात सापडतं. इंग्रजी ‘वॉलनट’ मधला ‘वॉल’ म्हणजे भिंत नव्हे. जुन्या इंग्रजीत तो ‘वेआल्ह’ होता, अर्थ परका. परक्यांच्या देशातून आलेलं कठीण कवचाचं फळ ते वॉलनट. वेल्स या प्रांताचं नावही याच शब्दातून निघालं. आता हा परका मुळात कोण? जर्मानिक लोकांच्या दक्षिणेला वोल्के नावाची एक केल्टिक जमात होती, तिचा उल्लेख सीझरने केला आहे. शेजारच्या या एका जमातीचं नाव जर्मानिक लोकांनी सगळ्या केल्टांना आणि पुढे रोमनांनाही लावलं. ‘वोल्क’ चा ‘वाल्ह’ झाला, म्हणजे क चा ह झाला, तोही नियमाला धरून. केल्टिक जमातींचा तो शेजार इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातला धरतात. तेव्हा ध्वनी अजून सरकत होते किंवा सरकायचे होते, आणि रोमन येईपर्यंत स्थिरावले, असा हिशेब जमतो. हेम्पही त्याच्याशी जुळतो. मात्र हेम्पवरून एकट्याने तारीख काढण्याची जुनी खोड मला पटत नाही. ग्रीकांना ते झाड इ.स.पूर्व पाचव्या शतकात कळलं, म्हणजे जर्मानिक लोकांनाही तेव्हाच कळलं असणार, असं म्हणायला आधार काय? शकांची घोडी ग्रीक लेखकाची वाट बघत थांबली नसणार.

इथपर्यंत सगळं नीटनेटकं वाटतं. पाठ्यपुस्तकंही इथेच थांबतात. पण शेजारच्या घरांत डोकावलं की गुंता दिसतो. रशियनमध्ये या झाडाला ‘कोनोप्ल्या’ म्हणतात आणि लिथुआनियनमध्ये ‘कानापे’. दोन्हींत क आहे आणि दोन्हींत प आहे. या भाषांत ग्रिमची सरकासरकी झालेली नाही, त्यामुळे त्यांचा प हा ब चा झालेला नाही. त्यांनी तो शब्द जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतला म्हणावं, तर सुरुवातीला ह यायला हवा होता. मग या लोकांच्या कानावर पडलेल्या शब्दातच प असला पाहिजे. उलट जर्मानिक लोकांनी प ऐकला असता तर त्यांच्याकडे फ झाला असता. त्यांनी ब ऐकला, ग्रीकांप्रमाणे. दोन्ही खरं धरायचं तर एकच निष्कर्ष उरतो: गवताळ प्रदेशात हा शब्द एका ठाशीव रूपात फिरत नव्हता. कुठे तो ब ने म्हटला जाई, कुठे प ने, आणि जो तो आपल्याला भेटलेलं रूप घेऊन घरी गेला. फारसीत आजही ‘कनब’ आणि ‘कनफ’ अशी दोन रूपं शेजारी शेजारी नांदतात. असल्या शब्दांना भाषाशास्त्रात भटके शब्द म्हणतात. त्यांचं जन्मगाव शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या वाटा शोधणं जास्त फायद्याचं ठरतं.

हनापिझचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. जर्मानिक भाषांनी आघात पहिल्या अक्षरावर पक्का केला, त्यामुळे शब्दाची शेपूट झिजत गेली. मधला स्वर गळाला आणि न थेट प ला येऊन भिडला. मग न चा म झाला. सम्पत्ती, चम्पक असं आपण का म्हणतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या परसवर्णाचं आश्चर्य वाटणार नाही. जर्मन मात्र आणखी एका फेऱ्यातून गेली. इ.स. पाचव्या-सहाव्या शतकानंतर तिच्यात दुसरी सरकासरकी झाली आणि प चा पुन्हा फ किंवा प्फ झाला. म्हणून इंग्रजी ॲपल तर जर्मन ‘आप्फेल’, इंग्रजी हेम्प तर जर्मन ‘हान्फ’. एकाच शब्दात ब, मग प, मग फ. मिरीचंही या वेळी सुटलं नाही, जर्मनमध्ये तिचं ‘प्फेफर’ झालं.

शब्द टिकला कारण झाड कामाचं होतं. दांडे पाण्यात कुजवायचे, वाख सोडवायचा, वळून दोर करायचे, विणून शिडाचं कापड करायचं. नॉर्वेतल्या ओसेबर्ग इथे इ.स. ८३४ मध्ये दोन स्त्रियांसोबत पुरलेलं एक जहाज सापडलं, त्यातही भांगेच्या बिया होत्या. शिडाच्या कापडाला इंग्रजीत ‘कॅनव्हास’ म्हणतात, आणि तो पुन्हा हाच शब्द, लॅटिन-फ्रेंच वाटेने फिरून आलेला. म्हणजे इंग्रजीच्या घरात हे पाहुणे एकूण तीन आहेत. एक मजेशीर तपशील शेतकऱ्यांचा. या झाडात नर आणि मादी वेगवेगळी असतात. बिया धरणारं दणकट झाड इंग्रज शेतकऱ्याला पुरुषी वाटलं, म्हणून त्याचं नाव ‘कार्ल हेम्प’, म्हणजे बाप्या हेम्प. लवकर वाळणारं किडकिडीत झाड ते ‘फिंबल’, म्हणजे बायकी. शास्त्र नेमकं उलटं आहे.

आणि आपल्याकडे? संस्कृतात हा भटका शब्द या झाडासाठी रुजलाच नाही, कारण इथे नाव तयार होतं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात दर्भ आणि यव यांच्या पंक्तीत ‘भङ्ग’ येतो. पाणिनीने तर शेतांची नावं कशी बनवायची हे सांगताना तीळ, उडीद आणि उमा, म्हणजे जवस, यांच्या सोबत भङ्गा हे पीक सरळ घेतलं आहे: भङ्गेचं शेत ते ‘भाङ्गीन’ किंवा ‘भङ्ग्य’. तिथे नशेचा विषयच नाही, जवसाशेजारी उभं असलेलं पीक एवढंच. आपली भांग तिथून आली, तिचा कॅनाबिसशी काही संबंध नाही.

तरी तो भटका शब्द मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेला आहे. अंबाडीची पानं भांगेच्या पानांसारखी बोटं फुटलेली असतात, आणि तिच्या दांड्यांचाही वाख निघतो. म्हणून तिचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, भांगेसारखी जास्वंद. इंग्रजी व्यापारात तिला ‘डेक्कन हेम्प’ आणि ‘बॉम्बे हेम्प’ म्हणत. हल्ली तिच्या धाग्याचा व्यवहार ‘केनाफ’ या नावाने चालतो, आणि केनाफ म्हणजे तेच फारसी ‘कनफ’.